बोअर खेळून जिंकलो तर नाचायचं की नाही?

पत्र:

"ताई नमस्कार, तुमच्या सदरात बहुतेक सासू-सुना आणि नोकऱ्यांचीच पत्रं असतात त्यामुळे हे घ्याल की नाही माहीत नाही. मी कुडाळचा, वय २९, २०१५ पासून एफसी गोवा ह्या फुटबॉल टीमचा फॅन. आम्ही पाच जण एका गाडीने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला मॅचला जातो, सीझनला पाच-सहा वेळा तरी. मला निकालापेक्षा खेळ महत्त्वाचा वाटतो, म्हणजे पासिंग, मुव्हमेंट, काहीतरी बघण्यासारखं हवं. हरलो तरी चालेल पण खेळ दिसला पाहिजे असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तर झालं असं की मागे एकदा आम्ही १-० जिंकलो, पूर्ण मॅच रटाळ, कॉर्नरच्या गोंधळात बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला आणि मग अर्धा तास नुसता बॉल बाहेर मारत होते. बाकीचे चौघे नाचत होते आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. परत येताना गाडीत मी म्हणालो की असं जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं. त्यावरून जे भांडण झालं ते बांद्यापर्यंत चाललं, आणि पुढच्या मॅचला त्यांनी मला विचारलंच नाही. दुसरं म्हणजे माझा आतेभाऊ ठाण्याला असतो, मुंबई सिटीवाला, तो दर २४ एप्रिलला मला २-३ चा स्क्रीनशॉट पाठवतो (इंडियन सुपर लीगची २०२४ ची सेमीफायनल, आम्ही त्यांच्याशी हरलो ती, तुम्हाला माहीत असेलच). मी म्हणतो आम्ही चांगलं खेळलो होतो, तो हसण्याचे इमोजी पाठवतो. मी खोटा फॅन आहे का? की ह्या लोकांना खेळ कळत नाही? — बॅकपास, कुडाळ"

बॅकपासा,

माहीत असेलच म्हणे! अरे मी होते तिथे त्या रात्री. घर मडगावात, स्टेडियमला चालत जाता येतं, आणि मी ८८ व्या मिनिटाला नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं की कुकर लावा, २-० आहे, आलेच मी. पहिला बोरिसचा, दुसरा ब्रँडनचा, आजूबाजूचे लोक ट्रॅफिक लागायच्या आधी निघू म्हणून उठायला लागलेले. मग ९० व्या मिनिटाला मुंबईचा छांगटे, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, आणि ९६ व्या मिनिटाला परत छांगटे. घरी पोचले तेव्हा भात झालेला, बांगड्याची कढी झालेली, आणि जेवलं कोणीच नाही. तेव्हा तो स्क्रीनशॉट फोनवर आला की पोटात काय होतं ते मला समजावू नकोस.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते म्हणजे तुला चैन पडेल. खोटा फॅन नाहीयेस. आणि मित्रांना खेळ कळतो, नाहीतर कुडाळहून फातोर्डा म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर कोण गाडी मारतं. पण तू जो प्रश्न विचारायला हवा होतास तो विचारलाच नाहीस, की गाडीत तू जे बोललास ते खरं होतं का. असं जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं. मला नाही वाटत ते खरं होतं, आणि चौघांना राग आला तो त्यामुळेच आला असणार.

आधी तुझ्या बाजूने बोलते कारण मी पण तुझ्याच पंथातली आहे. माझे बाबा मूळचे सावंतवाडीचे, नोकरीसाठी मडगावात आले आणि इथलेच झाले, आणि डेम्पो क्लबचे भक्त. कोच आर्मांदो कुलासोंचा डेम्पो, तुला लहानपणी ऐकून माहीत असेल, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स. बॉल जमिनीवर, छोटे छोटे पास, बघत राहावं असं. मॅचहून आलो की बाबा जेवणाच्या ताटात आमसुलं मांडून दाखवायचे की तो पास कुठून कुठे गेला, कर्णधार म्हणजे नेहमी बांगड्याचं डोकं, आणि आई ओरडायची की आधी जेवा मग खेळा. कोणी स्कोअर विचारला तर बाबा मुद्दाम आधी खेळाचं वर्णन करायचे, पाच मिनिटं, मग शेवटी आकडा. म्हणायचे, "आमी खेळ बघूक इलंव, आकडो बघूक नाय." मी हे वाक्य वारशात मिळाल्यासारखं सगळीकडे वापरलंय, कॉलेजात, ऑफिसात, नवऱ्याशी भांडताना सुद्धा.

आणि तू कुडाळचा म्हणजे तुला हे वेगळं शिकवायला नकोच, तू दशावतार बघत मोठा झालेला असणार. जत्रेत मध्यरात्रीच्या पुढे नाटक सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, शेवटी राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोराला पण माहीत असतं, तरी माणसं चादरी गुंडाळून थंडीत बसतात कारण आज राजा कोण करतोय, युद्ध कसं रंगतंय आणि मुख्य म्हणजे तो बोलतो काय हे बघायचं असतं, संवाद तर लिहिलेलेच नसतात, उभ्या उभ्या सुचतील ते. दुसऱ्या दिवशी नाक्यावर काल कोण जिंकलं अशी चर्चा कधी ऐकलीस? काल तो काय बोलला रे, अशी होते. तेव्हा कोणी तुला म्हणालं की निकाल सोडून खेळ बघणं म्हणजे शिष्टपणा, तर त्याला हे ऐकव, ही आवड तू काय इंग्लिश चॅनलवरून उचललेली नाहीयेस.

आतेभावासाठी तर त्याच्याच गावचं उदाहरण आहे. १९८२, ओल्ड ट्रॅफर्ड, संदीप पाटील, इंग्लंडच्या बॉब विलिसच्या एका ओव्हरमध्ये सहा चौकार, नाबाद १२९. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला झोपेतून उठवून विचार, ओव्हरचं सांगेल, मॅचचं काय झालं विचारलंस तर डोकं खाजवेल. ड्रॉ झाली. आणि हा त्याच मुंबईचा बरं का, जिथे क्रिकेट म्हणजे खडूसपणा, विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकट एक रन द्यायची नाही, त्या खडूसपणावर २०२४ पर्यंत ४२ रणजी ट्रॉफ्या जमवल्या त्यांनी. मुंबईकराला खडूसपणाचाही अभिमान आणि त्या ओव्हरचाही, दोन्ही एकाच खिशात घेऊन फिरतो आणि त्याला त्यात काही भानगड आहे असं वाटत नाही. हे जरा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर इथपर्यंत मी तुझी वकील.

आता उलटतपासणी. दशावताराची उपमा मी दिली खरी पण ती एका ठिकाणी तुटते, आणि जिथे तुटते तिथेच तुझी चूक आहे. नाटकात राक्षस मरणारच असतो. फुटबॉलमध्ये नाही, इथे राक्षस ९६ व्या मिनिटाला उठून तुझ्या राजाचं मुंडकं घेऊन जातो. ब्रँडन आपल्याकडे होता तेव्हा त्याने दोन डिफेंडरच्या मधून बॉल सरकवला की तुझा श्वास अडकायचा तो का? नुसता पास सुंदर म्हणून? तसं असतं तर रील्सवर ती पोरं असतात ना, मानेवर बॉल ठेवतात, टाचेने उडवतात, गॉगल काढून बॉल पाठीवर झेलतात, कसब आपल्या कुठल्याही प्लेअरपेक्षा जास्तच असेल, किती वेळ बघतोस? मी दोन मिनिटं, मग अंगठा वर सरकतो. कारण तिथे हरण्यासारखं काही नाही. तोच पास १-१ असताना ८५ व्या मिनिटाला पडला की अख्खा स्टँड उभा राहतो. सोलकढीत मीठ असतं तसं आहे ते, सोलकढी प्यायला बसलेला माणूस मिठासाठी बसलेला नसतो, पण मीठच नको म्हणालास तर मग ते नुसतं गुलाबी पाणी.

म्हणून "हरलो तरी चालेल" हे वाक्य मला खटकतं. निकाल दुसऱ्या नंबरवर आहे म्हण, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. चालेल म्हणू नकोस. माझ्या बाबांचं ते आकडो-बिकडो वाक्य खरं होतं पण अर्धंच, हे मला खूप उशिरा कळलं, कारण डेम्पो हरला की तेच बाबा दोन-दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत आणि ताटात आमसुलं मांडली जायची नाहीत, खेळ कितीही छान झालेला असो. आणि तो डेम्पो काय नुसता गोड खेळून हरणारा नव्हता, २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल लीग, मग २००७-०८, २००९-१०, २०११-१२ ची आय-लीग, पाच वेळा देशाचे चॅम्पियन. छान खेळणं आणि जिंकणं ह्यातलं एकच निवडायचं अशी वेळ बाबांवर फारशी आलीच नाही. आली असती तर त्यांनी काय निवडलं असतं कोण जाणे.

तू २०१५ पासून फॅन म्हणतोस म्हणजे तुझी सुरुवात ब्राझीलचा झिको आपला कोच होता त्या काळातली. मग तुला ते वर्ष आठवत असेलच, १७ नोव्हेंबरला फातोर्ड्यावर मुंबई सिटीला ७-०, हाओकिप आणि डुडू दोघांची हॅटट्रिक, आणि महिन्याभराने २० डिसेंबरला त्याच गवतावर चेन्नईयिनशी फायनल. ८७ व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने २-१ केलं तेव्हा माझ्या मागच्या बाईने ओळखदेख नसताना माझा मुका घेतला. ९० व्या मिनिटाला बॉल आपला गोलकीपर कट्टीमनीच्या अंगाला लागून आपल्याच गोलमध्ये, आणि इंज्युरी टाइममध्ये त्यांचा मेंडोझा. २-३. म्हणजे २०२४ हे काय पहिलं नाहीये, शेवटच्या पाच मिनिटांत घर जळण्याची आपल्याकडे परंपरा आहे. सगळे रडत होते पण मी बघत होते झिकोकडे, टचलाइनवर उभा होता, आणि मला वाटलं ह्या माणसाने हे आधी बघितलंय.

बघितलंच होतं. ५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, वर्ल्ड कप, ब्राझील-इटली. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो, एडर, ज्युनियर, कोच टेले सान्ताना, आधी सोव्हिएत रशियाला २-१, स्कॉटलंडला ४-१, न्यूझीलंडला ४-०, अर्जेंटिनाला ३-१. सेमीफायनलला जायला त्यांना नुसती बरोबरी पुरत होती. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं, आता मागे बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती, पण बसले नाहीत, ७४ व्या मिनिटाला कॉर्नरवरून इटलीच्या पाओलो रोसीचा तिसरा, ३-२, घरी. तुझ्या पंथाचा सगळ्यात मोठा हुतात्मा दिवस आहे हा, सगळे सांगतात सुंदर खेळले आणि म्हणून हरले.

मी ती मॅच तेव्हा नाही बघितली, मोठेपणी यूट्यूबवर तीनदा बघितली. पहिल्या वेळी झिकोसाठी, इटलीच्या जेंटिलेने त्याचा शर्ट फाडला तो प्रकार सुद्धा, आणि फाटण्याआधी त्यानेच त्या जेंटिलेला गरकन वळवून सॉक्रेटिसला दिलेला पास. दुसऱ्या वेळी म्हटलं हरले कसे ते बघू, तर सुंदर खेळामुळे काही नाही हरले, सेरेझोने आपल्याच डिफेन्ससमोरून आडवा आळशी पास टाकला तो रोसीने उचलला, आणि कॉर्नरला माणसं नीट धरली नाहीत. ह्याला बेफिकिरी म्हणतात, कला नाही. तिसऱ्या वेळी मी फक्त इटलीकडे बघायचं ठरवलं आणि खरं सांगते, हादरले, इतकी वर्षं मी ह्यांना खलनायक समजत होते आणि हे लोक काय खेळतात! ब्रुनो काँटी बॉल घेऊन पळतो ते बघ. शेवटी ब्राझीलच्या ऑस्कारचं हेडर इटलीचा गोलकीपर, ४० वर्षांच्या झॉफने गोललाइनवर असं दाबून धरलं की जणू कोणी पळवून नेणार आहे, ते बघ. बघण्यासारखं नाही ते? तुझ्या "बघण्यासारखं"ची यादी फार छोटी आहे रे, पासिंग आणि मुव्हमेंट, बास. २-० असताना ८९ व्या मिनिटाला कॉर्नर फ्लॅगपाशी बॉल अडवून उभं राहणं हेही कसबच आहे, आणि ते आपल्या टीमला थोडं जास्त येत असतं तर माझा भात वाया गेला नसता. (अर्जेंटिनात ह्या भांडणाला तर दोन माणसांची नावंच आहेत, मेनोत्तीवाले आणि बिलार्दोवाले, एकाने १९७८ ला वर्ल्ड कप जिंकून दिला, दुसऱ्याने १९८६ ला, आणि भांडण अजून मिटलेलं नाही, तेव्हा तुमचं बांद्यापर्यंतच चाललं ह्यात समाधान मान.)

बरं आता खरी परीक्षा. आपला कोच लोबेराची तीन वर्षं आठव. मी त्या काळात प्रत्येक होम मॅचला गेलेय, तापात सुद्धा. पहिल्याच सीझनला, २०१७-१८ ला, १८ लीग मॅचमध्ये ४२ गोल मारले आणि २८ खाल्ले, हा आकडाच बघ, २८ खाऊन कोणी वर राहतं का, पण आपण राहिलो. बेंगळुरूवाली ४-३ आठवते? त्यांचा गोलकीपर गुरप्रीतला रेड कार्ड, हाफटाइमला आपण ३-१, मी निवांत रस ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट) खायला गेले, परत येऊन बसते तर दहा जणांच्या बेंगळुरूने ३-३ केलेलं, मग आपल्या कोरोचा त्याचा स्वतःचा तिसरा. माझ्या कुडत्यावर त्या रसाचा डाग अजून आहे. पुढच्या वर्षी परत बेंगळुरूशीच फायनल, १७ मार्च २०१९, अंधेरीला, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नरवर त्यांच्या राहुल भेकेचं हेडर. परत कॉर्नर! सुंदर खेळणाऱ्यांना देव कॉर्नरवरच गाठतो असं माझं मत झालंय. त्याच संध्याकाळी पर्रीकर गेले, गोव्यात त्या रात्री फुटबॉलबद्दल कोणी बोललं नाही.

मग जानेवारी २०२० च्या शेवटी टीम टेबलच्या टोकावर असताना लोबेराला नारळ दिला. क्लिफर्डने, हो तोच आमसुलांमधला क्लिफर्ड, उरलेल्या मॅच सांभाळल्या, जमशेदपूरला ५-० मारून लीग टेबलात पहिलं येण्याची शील्ड आणली. लोबेरा गेला मुंबई सिटीला आणि मागोमाग जाहू, बुमूस, फॉल, आपला मंदार राव देसाई सुद्धा, अख्खा संसारच उचलून नेला. आणि २०२०-२१ ला शील्ड पण घेतली कप पण घेतला, सेमीफायनलला आपल्यालाच पेनल्टीवर काढून, आणि कप उचलला कुठे तर आपल्या फातोर्ड्यावर, कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर.

तर आता मला सांग बॅकपासा. तोच कोच, तेच मधले खेळाडू, तेच पासिंग. टीमचं नाव मुंबई, आणि तू महाराष्ट्रातला, ठाण्याला नातेवाईक. तुझ्यासाठी खेळ खरंच सगळ्यात वर असता तर त्या वर्षी तू मुंबई सिटीवाला व्हायला हवा होतास. कोणी अडवलं नव्हतं. झालास? नाही झालास. मी पण नाही झाले, ती फायनल टीव्हीवर बघितली, ९० व्या मिनिटाला मुंबईच्या बिपिनने गोल मारला, चांगला खेळ होता हे दिसत होतं आणि मी उशी घेऊन दात खात बसले होते.

म्हणजे तुझ्या यादीत खेळ एक नंबरला नाहीच आहे. एक नंबरला गोवा आहे. मग खेळ. मग निकाल. तू पहिली ओळच लिहायची विसरलास आणि उरलेल्या दोन ओळींवरून मित्रांशी भांडत बसलास, ज्यांची पहिली ओळ अगदी तुझीच आहे. ते त्या दिवशी नाचत होते ते त्या गुडघ्यावरच्या गोलासाठी नव्हते नाचत. ते आपल्यांसाठी नाचत होते, आणि तू बसून राहिलास म्हणजे त्यांना वाटलं की हा आपल्यातला नाही, नुसता परीक्षक म्हणून गाडीत बसलाय.

माझ्या घरातला किस्सा सांगते. मुलगा माझा स्पर्सवाला, म्हणजे इंग्लंडच्या टॉटनहॅमवाला, कसा झाला विचारू नकोस, शाळेतल्या कोणीतरी लावला. त्यांच्या तेव्हाच्या कोचचा, पोस्टेकोग्लूचा, परम भक्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध त्यांची नऊ माणसं उरली तरी डिफेन्स हाफलाइनवर, १-४ हरले, आणि हा दुसऱ्या दिवशी कॉलर टाईट करून फिरत होता, आई असं हरायला पण हिंमत लागते. तुझंच भावंड. मग मे २०२५, बिलबाओ, युरोपा लीगची फायनल, मँचेस्टर युनायटेड, लीगमध्ये टीम सतराव्या नंबरवर, १७ वर्षांत एक कप नाही. ब्रेनन जॉन्सनचा गोल म्हणजे काय होता ते आजही नीट सांगता येत नाही, बॉल कसातरी घरंगळत आत गेला, आणि सगळा सेकंड हाफ नुसता मागे उभं राहून काढला, ज्या कोचने आयुष्यभर अटॅक अटॅक केलं त्याने बस पार्क केली. रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठले तर हा हॉलमध्ये जमिनीवर बसून रडतोय. मी मुद्दाम विचारलं, खेळ कसा होता रे? तर म्हणतो, "खेळ? कसला खेळ? आई, कप!" सोळा दिवसांनी त्या कोचला काढलं, तेव्हा परत रडला. पण आता परत विचार त्याला, खेळाचंच बोलतो, चेल्सीवाल्या १-४ चं पण तितक्याच प्रेमाने सांगतो, त्या संदीप पाटीलवाल्या मुंबईकरासारखं, दोन्ही एकाच खिशात.

तर असं कर. मित्रांना फोन लाव, ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नकोस, ग्रुपवर माफी मागितली की लोक स्टिकर टाकतात आणि विषय चेष्टेवर जातो. गाडी ज्याची आहे त्याला लाव. चुकलं म्हण, पण मत बदललंय असं खोटं सांगू नकोस, ती मॅच रटाळच होती, त्यांना पण माहितीये. आणि पुढच्या वेळी एक नियम पाळ, मी पण पाळते (मी चालत जाते म्हणून माझा नियम घराच्या गेटपर्यंतचा आहे). मॅच संपल्यापासून पत्रादेवीचा नाका येईपर्यंत खेळावर एक शब्द बोलायचा नाही. जिंकलो तर त्यांच्याबरोबर नाचायचं, नाच येत नसेल तर टाळ्या, हरलो तर गप्प, आम्ही चांगलं खेळलो हे तर अजिबात नाही, ते वाक्य हरल्यावर दुसऱ्याने आपल्याला म्हणायचं असतं, आपणच म्हटलं की रडीचा डाव वाटतो. महाराष्ट्रात शिरलात, बांद्याला चहाला थांबलात, की मग तुझं दुकान उघड. तिथे सांग की मिडफिल्डमध्ये बॉल का राहत नव्हता, कोण उगाच लांब मारत होता. तेव्हा ते ऐकतील, कदाचित तुझ्यापेक्षा जास्त शिव्या घालतील. टेबलावर साखरेची पाकिटं असतात, ती मांडून दाखव. बाबांचं आमसुलांचं चालायचं कारण ते आधी आमच्याबरोबर ओरडलेले असायचे.

आणि एक, रटाळ मॅचला तिकीट काढून जाऊन तुला राग येतो तो योग्यच आहे, तो सोडू नकोस. पैसे दिलेत, रविवार दिलाय, बायको असेल तर तिची बोलणी खाल्लीस. मी स्वतः एकदा हाफटाइमला उठून चोरीस पाव (गोव्याचं सॉसेज घातलेला पाव) खायला गेले ती तिथेच गप्पा मारत राहिले, सेकंड हाफ बघितलाच नाही. पण हा राग टीमवर, कोचवर काढ. शेजारी नाचणाऱ्यावर नाही.

राहिला आतेभाऊ. त्याला तू आजपर्यंत आम्ही चांगलं खेळलो होतो असं उत्तर देत आलास, ते पहिलं बंद. २४ एप्रिलला त्याचा स्क्रीनशॉट आला की नुसता एक अंगठा पाठव, त्याचा हक्क आहे तो, ९६ व्या मिनिटापर्यंत थांबून मिळवलेला आहे. मग गप्प बस. मे, जून, गणपतीला भेटलात तरी विषय काढू नकोस, दिवाळीचा फराळ होऊ दे. आणि १७ नोव्हेंबरला सकाळी सकाळी, त्याने चहाचा पहिला घोट घेतलेला असताना, फातोर्डा, २०१५, ७-०. पासिंग पण होतं, मुव्हमेंट पण होती, आणि आकडो पण. मोबाइलवर रिमाइंडर आत्ताच लावून ठेव, "दरवर्षी" वर क्लिक करायला विसरू नकोस.

— तुझी ताई, मडगाव